ठमाबाईच्या भिंतीवरचा डोळा

मोहर्ली, ता. ११ डिसेंबर

चि. मयुरीस,

मनकर्णाआजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. लिहून राह्यल्या अंगणवाडीच्या साधनाबाई, मी फक्त तोंड चालवते. फोन केला नाई, कारण शेजारच्या ठमाबाईले भिंतीतून ऐकू येते. आता तर भिंतीले डोळाही फुटला.

तिच्या नातवानं, प्रफुलनं, कॅमेरा लावला. म्हणे बिबट्यासाठी. जंगल तिकडं अन् डोळा माह्या दाराकडं! मी त्याले विचारलं, बिबट्या माह्या घरचा जावई लागते का म्हणून. पर्यटकांपुढं दिवसभर बोलणारा गाईड तो, पण चपलाच पाहत राह्यला.

ठमाबाई पयले रोज पहाटे माह्या चुलीतला विस्तव गोवरीवर न्यायची. तिच्या घरी गॅस आला, येणं आटलं. कॅमेरा लागल्यापासून तर हाक मारली की पदर ओढून आत पळते. दिवाळीत तिची तुरेवाली कोंबडी हरवली, तो संशय माह्यावर दिसते. जन्माची शेजारीण चोर झाली!

मी त्या डोळ्यावर जुनं लुगडं टाकलं. पाह्य म्हणा आता.

लोभ वाढवू नको, आहे तेवढा टिकव.

मनकर्णा

नागपूर, ता. १६ डिसेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. आजी, कॅमेरा मी लावायला सांगितला. पावसाळ्यात तू अंगणात पडलीस, ते दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. कॅमेरा लागल्यापासून तू सडा टाकताना मोबाइलवर दिसलीस की मगच मी कामाला निघते. लुगड्यामुळं नुसता अंधार दिसला, तुझा फोनही बंद. रडत प्रफुलदादाला फोन केला. तो सफारीच्या गेटवरून धावत आला, तर तू शेंगा सोलत बसलेली!

तुला सांगू नये अशी शपथ मीच ठमाआजीला घातली. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तोंड चुकवते. रागाव, पण लुगडं काढ.

तुझी मयुरी

मोहर्ली, ता. २१ डिसेंबर

चि. मयुरीस आशीर्वाद.

पत्र ऐकलं अन् तशीच ठमाबाईच्या दारात गेली. ती आधी रडली. मग म्हणाली, कोंबडी प्रफुलनंच दोस्तांले खाऊ घातली. बिबट्या घरचाच निघाला!

मी तिले सांगितलं, मी पडली तर मयुरी नागपुरातून पाहीन, पण उचलीन कोण? रोज येत जा. तिनं विचारलं, घरी गॅस असताना कोणत्या कामानं येऊ? मी म्हटलं, विस्तव ने.

आज पहाटे आली. माह्या विस्तवावर तिच्या अंगणात शेकोटी केली अन् चहा गॅसवर मांडला. भारी शहाणी!

लुगडं काढणार नाई. ज्या दिवशी ठमाबाईले माही चूल थंडी सापडन, त्या दिवशी तीच तुले फोन करन. तवर तू बिनघोर कामावर जात जा.

तुही आजी
मनकर्णा