तानाबाईचं एकच वाक्य

९ नोव्हेंबर, रविवार

वाद झाला. झाला तर झाला!

फिल्म क्लबात आज पुन्हा जुना अमेरिकन खुनाचा सिनेमा – काळा-पांढरा, हॅट, सिगारेटचा धूर. सगळे सावल्यांवर फिदा. मी लिफ्टवाल्याकडेच बघत बसले. काळा माणूस. खुनी त्याच्याच लिफ्टमधून वर गेला, खाली आला. पोलीस अख्ख्या बिल्डिंगला विचारत सुटले, याला एक शब्द नाही! सबंध सिनेमात त्याला एकच वाक्य – ‘येस सर.’ मागच्या वेळी पियानोवाला होता, त्याच्याआधी हमाल. आणि गोऱ्या हिरोला लपायचं असलं की तो बरोबर काळ्यांच्या वस्तीत शिरतो. तिथले लोक मुकाट लपवतात. का? कोणी सांगत नाही.

बोलून टाकलं. शिवराज – क्लब त्याचा, कॅमेराही त्याचाच – म्हणाला, “सोनाली, तुला सगळीकडं तेच दिसतं. लाइटिंग बघ की!”

लाइटिंगच तर बघतेय. उजेड कुणाच्या तोंडावर आणि अंधार कुणाच्या!

११ नोव्हेंबर

शिवराज तसलाच छोटा सिनेमा करतोय, सोलापुरातल्या खुनाचा. खुनी मालकीण हीच हिरोईन. मी तिचे संवाद वाचून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे जमलं असणार! शिवराज म्हणाला, “गावाकडचं एखादं नाव सुचव.” मी आईचंच सांगितलं. हिरोईन तानाबाई! लगेच गावी, कुंभारीला फोन – सिनेमा दाखवतील तेव्हा ये. आई म्हणाली, “मेंढरं कुनाकडं तरी सोपवून येती की. माझं नाव हाय म्हनल्यावर!”

१४ नोव्हेंबर

आज भूमिका वाटल्या. मालकीण – क्लबातलीच ऋतुजा. तानाबाई म्हणजे मोलकरीण. मोलकरीण मी.

“रात्रीच्या सीनमध्ये तुझा चेहरा उठत नाही गं. आणि गावाकडची भाषा तुला छान जमते,” इति शिवराज. जमते म्हणे! माझीच आहे ती.

इन्स्पेक्टर विचारतो, बाई रात्री घरातच होत्या ना? मी म्हणायचं, “व्हय साहेब.” त्यावर मालकीण सुटते.

रडले. मग राग आला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

भूमिका सोडणार नाही. मुद्दाम करणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शुक्रवार पेठेत एकाच्या घरी शूटिंग. चहाचा ट्रे हातात. इन्स्पेक्टरनं विचारलं. मी मान आडवी हलवली – “न्हाय साहेब.”

पुन्हा घेतलं. “न्हाय साहेब.”

पुन्हा. “न्हाय साहेब!”

ऋतुजा हसू दाबत होती. शिवराज लालबुंद – “स्टोरीची वाट लावतेस!” मी म्हटलं, “त्या लिफ्टवाल्याला कुणी विचारलं असतं, तर त्याही स्टोरीची लागली असती.” घर संध्याकाळपर्यंतच मिळालं होतं. आवरावं लागलं त्याला.

३० नोव्हेंबर

ऋतुजाचा मेसेज. माझ्या तोंडी तिचा आवाज घातलाय – “व्हय साहेब.” चित्र तेच. शिवराज म्हणतो, अंधारात ओठ कुणाला दिसतायत! शेवटी ‘सॉरी गं.’

एक शब्द होता माझा. तोही नेला. आईला येऊ नको म्हणू? का म्हणून! येऊ दे.

७ डिसेंबर, रविवार

आज सिनेमा दाखवला. हॉल भरलेला, आई माझ्या शेजारी. पडद्यावर मी मान आडवी हलवली. आवाज आला, “व्हय साहेब.”

आई ताडकन उठली – “आवाज तिचा न्हाय ह्यो! त्वांड बगा की तिचं – माझी पोर न्हाय म्हनतीया!”