सरळ नजर

१० फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. जयवंतसरांनी माझी चित्रं बघून मला कामावर घेतलं, असं मी लिहिलं आहे. ते खरं नाही. त्यांनी माझी फाईल उघडलीच नव्हती. डोळे काढायला कोणी शिकवलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आत्याने. कांताआत्या लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते, म्हणजे मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे उघडायचं काम तिचं. तर म्हणाले, मग झालं, सोमवारपासून ये. आनंदाच्या भरात मला त्यात माझ्या चित्रांचं कौतुक ऐकू आलं.

बाकीचं लिहिलेलं बरोबर आहे. जागा खरंच छान आहे. दादरच्या फूलबाजाराला लागून असलेल्या इमारतीत दुसरा मजला, खिडकीतून खाली झेंडूचे ढीग दिसतात आणि सकाळभर ओल्या शेवंतीचा वास येतो. खिडकीशी सरांचं टेबल, भिंतीशी माझं. मधे काचेचं टेबल आहे, त्याच्या पोटात दिवा. एक चित्र खाली ठेवून दुसऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्यायला ते वापरतात.

पेन्सिल सरांची, शाई माझी, असं काम आहे. आमचं कॉमिकचं पुस्तक नायगावच्या चाळींवर आहे. सर तिथेच वाढले. चाळी आता रिकाम्या होतायत. ते म्हणाले, कोणी टॉवरमध्ये जाईल, कोणी विरारला, कोणी गावाला. ती सगळी माणसं मला एका जागी ठेवायची आहेत, एकही सांडायला नको. मला ऐकून भरून आलं. पहिल्याच नोकरीत इतक्या चांगल्या कामाला हात लागेल असं वाटलं नव्हतं.

खाली दीपकची चहाची टपरी आहे. तोही मूळचा नायगावचा, म्हणून पुस्तकात आहे. म्हणाला, सरांनी माझं नाक वाकडं काढलंय, तू शाईत सरळ करून टाक, कटिंग फुकट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्याकडून मोठी चूक झाली.

सर चेहरे पूर्ण काढतात, पण डोळ्यांच्या जागा कोऱ्या सोडतात. ते काम माझं. पहिलं पान दीपकचंच होतं, टपरीवर चहा गाळताना. मी नाक वाकडंच ठेवलं आणि डोळे काढले ते आत्याच्या पद्धतीने. मी चित्रकलेच्या वर्गात उशिरा गेले. त्याआधीचं सगळं तिच्या हाताखाली. मूर्ती कुठूनही बघितली तरी ती आपल्याकडेच बघते, अशी बुबुळं बसवायची. आत्या त्याला सरळ नजर म्हणते.

कॉमिकमध्ये हे चालत नाही. तिथली माणसं एकमेकांकडे बघतात. एखादं वाचणाऱ्याकडे बघायला लागलं की गोष्ट तुटते. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शाई वाळल्यावर माझ्या लक्षात आलं. दीपक गिऱ्हाइकाला चहा देत होता आणि बघत होता माझ्याकडे.

सरांना सांगितलं, पान नव्याने करते म्हटलं. त्यांनी पान उचललं, खिडकीशी नेलं, आणि पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, राहू दे. सगळ्यांचे असेच कर.

इतकी वर्षं पुस्तकं काढणाऱ्या माणसाला ही चूक दिसू नये? की ही चूकच त्यांना हवी होती? मी उगाच संशय घेते आहे. घरी आत्याही म्हणते, तुझं मन म्हणजे कुजबुजणारी बाई आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दीपक आज मला 'तुम्ही' म्हणाला. बोला मॅडम, किती कटिंग? मला वाटलं चेष्टा करतोय, म्हणून मीही म्हटलं, नाकाचं काय ते बोला. तो हसला नाही. माझ्याकडेच बघत होता, पण कोण आहे हे त्याला कळत नसावं. पाहुण्याशी वागावं तसा अदबीने ग्लास पुढे केला.

मी काही दुखावणारं बोलले का, ते आठवत बसले. नाक सरळ केलं नाही म्हणून? शेजारी गजरे विकणारी रखमा, तीही नायगावचीच, मला 'ए बारीक' म्हणते. ती म्हणाली, तू काय मनाला लावून घेतेस, काल घरी स्वतःच्या बायकोला ताई म्हणाला तो, आणि विचारलं, आपण कोणाकडे आलात. तिने लाटणंच उचललं. रखमा हसून हसून खोकली.

वर आले तर सर खिडकीतून खाली टपरीकडे बघत होते. तोंडावर समाधान. तयार झालेली पानं ते स्टुडिओत ठेवत नाहीत, घरी नेतात. दीपकचं पानही नेलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रखमाचं पान केलं. डोळे सरांनी सांगितले तसे. करताना हात जड वाटत होता, पण कारण सांगता येईना, म्हणून केले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सरांच्या आग्रहाने आज आत्या स्टुडिओत आली. गुरूला बघू तरी दे, म्हणाले. मीच तिला टॅक्सीतून घेऊन आले, नवी साडी नेसायला लावली. तिचा चहा होईपर्यंत सरांनी वहीत तिचा चेहरा काढून घेतला. माझ्या टेबलावरचं रखमाचं पान आत्याने पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

परत येताना परळच्या पुलावर तिने माझं मनगट धरलं. मग म्हणाली, जित्या माणसाची नजर सरळ आखायची नाही गो. कारखान्यात एखाद्या शेटचा पुतळा आला तर आम्ही बुबुळ केसभर बाजूला सरकवतो. मी विचारलं, का? ती म्हणाली, देव मूर्तीत येतो तो सरळ नजरेतून, आणि माणूस जातो तोही तिथूनच. तुला हे सांगायचं राहिलं, कारण तुझ्या हातात मी गणपतीच दिले.

मग जरा वेळाने म्हणाली, आणि तुझा सर चहात साखर किती घालतो, मुंग्या लागतील त्याला.

ती माझ्यासाठी हसली. मला कळलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रखमाने मला विचारलं, काय देऊ ताई, अबोली की मोगरा? 'ए बारीक' नाही. माझ्याकडे बघून विचारलं.

रखमाचं पान अजून माझ्याच टेबलावर होतं. सर जेवायला उतरले तेव्हा मी पांढऱ्या रंगाने बुबुळं बुजवली आणि केसभर बाजूला पुन्हा काढली. आता ती गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघते आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ए बारीक, आज गजरा नको का, अशी मागून हाक आली. मी तिथेच पायरीवर बसले. रखमाने विचारलं, चक्कर आली का, आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

म्हणजे ते खरं आहे. म्हणजे दीपकचं मी केलं.

सरांना म्हटलं, दीपकच्या पानात एक दुरुस्ती आहे, घेऊन या. ते म्हणाले, ते पान छान आहे. मग खिडकीतून रखमाकडे बघत राहिले, आणि माझ्या टेबलापाशी येऊन तिचं पान तिरकं धरून उजेडात बघितलं. पांढरा रंग उजेडात दिसतोच. पान घेऊन गेले.

मी पोलिसांकडे जाऊन काय सांगू? माझ्या आखणीने एक चहावाला बायकोला ओळखत नाही?

२ मार्च, सोमवार

नोकरी सोडते म्हणून सांगायचं ठरवून गेले होते. सोडली तर दीपकचं पान पुन्हा दिसणार नाही. म्हणून सोडली नाही. १४ तारखेला सगळी पानं स्कॅन करायला एकत्र स्टुडिओत येणार आहेत, असं सर फोनवर कोणाला तरी सांगत होते.

५ मार्च, गुरुवार

माझ्या टेबलावर आत्या आहे. चाळीच्या गॅलरीत, नव्या साडीत, कठड्यावर हात. डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

मी म्हटलं, ती नायगावची नाही. सर म्हणाले, असे डोळे उघडणारी बाई पुस्तकात नको का? मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही. ते रागावले नाहीत. सावकाश कर, म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

७ मार्च, शनिवार

आत्याचं पान माझ्या टेबलावर नाही. डोळ्यांच्या सरावाचे माझे कागद खणात होते, तेही नाहीत.

ते काचेच्या टेबलावर आहेत. दिवा चालू.

८ मार्च, रविवार

दिवसभर आत्याच्या मागे फिरते आहे. माझं नाव काय, मी कोणाची, माझा वाढदिवस कधी. तिने सगळं बरोबर सांगितलं आणि वैतागून म्हणाली, वेड मला लागलंय की तुला? जा, खोबरं खवून दे.

खवून दिलं. सोलकढी केली तिने. मीठ जरा जास्त होतं, मी सांगितलं नाही.

१० मार्च, मंगळवार

एक डोळा झाला आहे.

सरांच्या टेबलावर पान होतं. रेघ माझी आहे. हात माझा नाही. मी पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन पुढे गेले तर त्यांनी पानावर तळवा ठेवला. म्हणाले, नम्रता, तू थकली आहेस. ही बाई कुठे जाणार आहे उद्या? खाटेवर पडेल, विसरेल, मरेल. माझ्याकडे ती राहील.

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं. पान बॅगेत घातलं.

घरी आत्याच्या एका अंगाला बसले की नमू, जेवून घे. दुसऱ्या अंगाला गेले की — कोण आहे तिकडे?

मी सरकून बसले. जिथून तिला मी दिसते तिथेच बसायचं ठरवलं आहे.

१२ मार्च, गुरुवार

दार तिनेच उघडलं. सरळ माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. म्हणाली, या ना, बसा. नम्रता येईलच एवढ्यात. दादरला कामाला आहे ती —

मी बसले. तिने मला पाणी दिलं. पाहुण्यांच्या पेल्यात.

मग माझ्याबद्दल सांगत राहिली. पोरीचा हात चांगला आहे हो, मनाने भित्री. चूक झाली तर जेवत नाही. मी हो हो म्हणत होते. दाराबाहेर पाऊल वाजलं की ती उठायची, मीच आले असेन म्हणून —

मला ती माझी परत हवी आहे. बाकी काही नको.

१३ मार्च, शुक्रवार

आज गेले नाही. ताप आहे, असं कळवलं. रखमासारखंच करायचं, केसभर बाजूला, बस. आधी आत्या, मग दीपक. ब्रश रुमालात गुंडाळून ठेवला आहे —

दार वाजलं. आत्याने उघडलं. सर आहेत.

तब्येत बघायला आले म्हणतायत. आत्या त्यांनाही या, बसा म्हणाली. चहा ठेवते म्हणाली, नम्रता येईलच —

समोर खुर्ची ओढून बसले आहेत. मांडीवर वही. पेन्सिलचा आवाज येतो आहे. हनुवटी झाली असावी, आता केस —

म्हणतायत, लिहितेस काय इतकं. जरा वर बघ.

मी बघणार नाही. खाली बघूनच लिहिते आहे. लिहीत राहिले तर मान वर करावी लागणार नाही —

म्हणतायत, एकदाच, सरळ बघ. आत्याही म्हणते, बघा ना हो, एवढं म्हणतायत तर —

पानं उद्या येतील. ते जेवायला उतरतील. उद्या, शनिवार, १४ मार्च, दुपारी, मी