दादाच्या वाटचं

६ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार
आदिलाबादहून सकाळच्या बसने निघालो, अकराला नार्नूरला पोचलो. कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावरचा कारकून म्हणून हजर झालो. खोली छान मिळाली. मागच्या दाराशी पेरूचं झाड आहे, ऊन थेट आत येतं. घरमालकीण मालनबाई भिंतीपलीकडे राहतात. त्यांनी सुतळीची बाज दिली आणि आज चूल पेटवू नका, इथंच जेवा म्हणाल्या. भाकर आणि अंबाडीची भाजी होती. मला हल्ली फार जात नाही, पण दोन महिन्यांनी मोकळं वाटलं. संध्याकाळी हमाल चंपतने कापसाची बोचकी तोलायचा लोखंडी काटा दाखवला. सहज त्यावर उभा राहिलो. ५६ किलो.

८ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. कपडे धुतले.
वजन बघायची सवय दादामुळे लागली. उद्धवराव, माझा थोरला भाऊ. १४८ किलो. हृदय सैल पडलेलं. रोज सकाळी त्याचं वजन लिहून ठेवायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं की अंगात पाणी साचलं समजायचं, हे माझं काम. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या वजनाला हे हृदय पुरणार नाही, आणि ऑपरेशन सोसेल याचीही खात्री नाही. पोटाची पिशवी टाचून लहान करायची होती. वहिनींचा हात सहीला उठेना. मी सही केली.
ऑपरेशन नीट झालं. मग एका वेळी चार चमचे पेज. दादा भाकर मागायचा. मी दिली नाही. दीड महिन्यात तो १०९ वर आला आणि १२ सप्टेंबरला गेला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
आज काट्यावर ७१. चंपत म्हणाला, मास्तरांना नार्नूरचं पाणी मानवलं. हसलो. काटा बिघडला असावा.

१६ नोव्हेंबर, सोमवार
९८. चंपतने वीस-वीस किलोची मापं ठेवून काटा तपासला. बरोबर आहे. तो स्वतः उभा राहिला, ६२. मी पुन्हा उभा राहिलो, ९८. माझा सदरा होता तसाच ढगळ आहे. चंपत म्हणाला, "मास्तर, अंगावर मूठभर मास चढलं नाही, अन् काटा फुगून राह्यला." तो थट्टेखोर आहे, पण या वेळी हसला नाही. नंतर दिवसभर त्याने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी पडलो होतो, बाजेची सुतळी तुटली. मालनबाई आल्या. म्हणाल्या, "काऊन मास्तर, पावना आला अन् सांगतलं नाही? कवाचा धापा टाकून राह्यला." खोलीत मी एकटाच होतो. त्यांनी दाराआड पाहिलं, पेरूखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गेल्या.
धाप मलाही ऐकू आली होती. मला वाटलं माझीच.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
१६५. माझे ५६ वजा केले. उरले १०९ —
लिहून टाकतो. दहाव्याला बासरला गोदावरीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. वहिनींनी सांगितलं, मुलींची लग्नं करू. मामांनी सांगितलं, शेत विकणार नाही. दोन तास झाले. शेवटी मी हात जोडून म्हणालो, दादा, तुझ्या वाटचं मी जेवीन. कावळा लगेच उतरला.
घरी आलो आणि मला घास गिळेना. तेव्हापासून दोन-चार घासच. त्याच्या वाटचं तर राहोच.

२१ नोव्हेंबर, शनिवार
दादाच्या वाटचं म्हणून बसलो, घास उतरला. चार भाकरी खाल्ल्या. पाचवी संपेपर्यंत धाप थांबली. खोली शांत. बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार
रोज आठ. काटा १६५वरच. पण सदऱ्याची बटणं लागत नाहीत. चपलेत पाय जात नाही. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. दादाच्या पायावर असाच —
म्हणजे त्याचं वजन आता माझ्या अंगात —

२५ नोव्हेंबर, बुधवार
उटनूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. हृदय मोठं झालंय. विचारलं, घरात कोणाला होतं? मग म्हणाले, हैदराबादला जा, ऑपरेशन सांगतील. तोवर पेज. चार चमचे. असंच खात राहिलात तर आठवडाही निघणार नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी पेज घेतली. धाप सुरू झाली. श्वास रोखून पाहिलं. माझी नाही. उशाशी आहे.

दुपार. अजून आहे. काही मागत नाही. मागितलं असतं तर नाही म्हणालो असतो, तेव्हा म्हणालो तसं. नुसताच धापा —

जेवलो तर मी जाणार. नाही जेवलो तर तो पुन्हा उपाशी —

चूल पेटवली. पीठ मळलं. एक भाकर थापून तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. फुगली. आता दुसरी