ओल लावायची नोकरी

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येईल असं वाटत नाही. दिवसभर परांचीवर मान वर करून उभं राहिल्यामुळे सध्या आठांपैकी तीनच अंगं माझं ऐकतात. उरलेली पाच तुम्ही धरून चाला.) तुमचा खोकला कसा आहे? गुडघा? मामीच्या म्हणण्याप्रमाणे गुडघा बरा आहे आणि राग जसाच्या तसा आहे. मी इकडे मजेत आहे. नखांतला हिरवा रंग पोटात जाऊ नये म्हणून हल्ली सगळं चमच्यानं खाते, त्यामुळे लोक मला उगाचच सुधारलेली समजतात.

आठ महिने झाले, तुम्ही फोनवर आलेला नाहीत. थीम पार्कमध्ये रंगारी म्हणून जाते म्हटल्यावर तुम्ही ब्रश खाली ठेवून म्हणालात, “जन्मभर मी लोकांच्या भिंतींची ओल घालवली, आणि तू ओल लावायला चाललीस?” तेव्हापासून अबोला. दर रविवारी मामी फोन करते. फोनचा आवाज मोठा ठेवते, कारण तिला म्हणे कमी ऐकू येतं (मी हळूच पुटपुटलेलं बरोब्बर ऐकू येतं), आणि तुम्ही शेजारी वर्तमानपत्र धरून बसता. तासाभरात एक पान उलटत नाही, हेही तीच सांगते. पण तुम्ही ऐकत नसता असं आपलं ठरलेलं आहे. म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहूनच कळवते.

पहिल्याच दिवशी नोकरी जवळजवळ गेली होती, आणि दोष सगळा तुमच्या शिकवणीचा. सोळाव्या वर्षापासून तुमच्या हाताखाली काय शिकले? भेग दिसली की भरायची. फुगवटा दिसला की घासायचा. कपाट हलवल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, आणि जिथं कुणी ढुंकून बघणार नाही तिथंही दोन हात पूर्ण मारायचे. (तो औषधवाला आठवतो? त्याचं लोखंडी कपाट आपण दोघांनी हलवलं, आणि आत बाटल्या आहेत हे त्यानं नंतर सांगितलं. त्या काढ्याचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.) तर इथं मला दरोडेखोरांच्या गुहेची भिंत दिली आणि मुकादम ‘तयार करून ठेव’ म्हणून निघून गेले. बघते तो काय, कोऱ्या करकरीत सिमेंटला वरपासून खालपर्यंत भेगा! मला त्या भिंतीची दया आली. लांबी कालवली, एकूण एक भेग भरली, पॉलिश पेपर मारला. संध्याकाळी हात फिरवला तर लोणी. तेवढ्यात कोरीवकाम करणारे आजोबा आले. त्या भेगा त्यांनी चार दिवस बसून एकेक करून कोरल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे पाठ करून बसले. त्या क्षणी मला तुमची फार आठवण आली.

शिक्षा म्हणून पाच महिने कचऱ्याचे डबे रंगवले. इथं कचऱ्याचा डबा कचऱ्याच्या डब्यासारखा दिसलेला चालत नाही. तो झाडाचा बुंधा वाटला पाहिजे, पण इतकाही नाही की कचरा कुठं टाकायचा ते कळू नये. माझा एकशेचौदावा डबा फारच साधला. लोक त्याच्यावर बसायला लागले आणि कचरा शेजारच्या खऱ्या झाडाच्या ढोलीत टाकायला लागले. पण या डब्यांवरच मी धंदा शिकले. ओला स्पंज कसा टेकवायचा, पातळ रंग वरून सोडून पाण्याला त्याच्या मर्जीनं कसं जाऊ द्यायचं, फवारणीची बाटली कुठं थांबवायची. सोपं नाही हो मामा. तुमच्याकडे ओघळ आला की टपली बसायची, इथं ओघळ आला नाही तर बसते.

मग गेल्या महिन्यात रंगकामाच्या मुख्य बाईंनी (उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज छपराइतका) सगळ्यांना बोलावलं. नवा पडका राजवाडा बांधायचा आहे. प्रत्येकानं चार फूट लांब, चार फूट रुंद फळीवर त्याची ओल आलेली भिंत रंगवून दाखवायची. ज्याची पसंत पडेल त्याला साठ फूट भिंत आणि कायमची नोकरी. बाकीच्यांनी पुस्तकं उघडली. मी डोळे मिटले, आणि मामा, रागावू नका, डोळ्यांसमोर आली तुमच्या स्वयंपाकघराची भिंत. गावातल्या सगळ्या भिंती आरसा करणाऱ्या माणसाला त्या एका भिंतीसाठी बावीस वर्षं सवड झाली नाही. गिऱ्हाईक घरी आलं की तुम्ही त्याला तिच्याकडे पाठ करून बसवायचात. मी मात्र रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी तिच्याकडे तोंड करून चहा प्यायले आहे. ओलीची एकात एक तीन वर्तुळं, पापुद्रे सुटलेला गुलाबी डिस्टेंपर, त्याखालून डोकावणारा आधीच्या मालकाचा निळा, खिळ्याखाली गंजाचा ओघळ. सगळं उतरवलं. इथल्या सामानाच्या वखारीच्या रखवालदारानं फळी भिजली समजून दोन दिवस उन्हात ठेवली. बाईंनी तिच्यावरून हात फिरवला, तळहात निरखून बघितला आणि विचारलं, ही भिंत कुणाच्या घरची? मी म्हटलं, एका फार मोठ्या कारागिराच्या.

इथपर्यंत छान झालं. पण चार फूट वेगळे आणि साठ फूट वेगळे. पहिल्या दहा फुटांतच माझी शिदोरी संपली आणि मी तीच तीन वर्तुळं पुन्हा पुन्हा काढत सुटले. बाई बघायला आल्या. म्हणाल्या, “ही ओल नळातून आलेली नाही, डोक्यातून आलेली आहे. पूस.” महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा डबे. अडलंय कुठं तेही मला ठाऊक आहे. तुमच्याकडची ओल मामीच्या लाकडी कपाटामागे शिरते आणि पलीकडून हिरवी होऊन निघते. मधे तिचं काय होतं ते मी कधी बघितलंच नाही. साऱ्या गावाची कपाटं हलवली, घरचं मेलं एकदाही हलवलं नाही! गेल्या रविवारी मामीला फोनवर हेच सांगताना मला रडू आलं. तुम्ही अर्थात ऐकलं नसेल.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा, मामीला जपा, गुडघ्याला तेल लावा.

तुमची (एके काळची लाडकी) भाची

ता. क. : खरं म्हणजे पत्र लिहिलं ते यासाठी. तुम्ही आता बाहेरची कामं बंद केलीत आणि सोमवारी घरचं रंगकाम काढणार, सुरुवात स्वयंपाकघरापासून, असं मामी म्हणाली. मामा, हात जोडते, त्या भिंतीला खरवडणी लावू नका. फार नाही, सोमवारनंतरच्या शनिवारी मला सुट्टी आहे, तोपर्यंत. आणि मी असं लिहिलंय हे मामीला कळू देऊ नका. बावीस वर्षं वाट बघितलेली बाई आहे, माझं तोंड बघणार नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होते तोच मामीचा फोन. तुम्ही सोमवारची वाट बघितलीच नाहीत म्हणे! खरवडलीत, लांबी भरलीत, दोन हात मारलेत, नुसता आरसा. मामी आनंदानं तेच तेच तीनदा सांगत होती. मी ‘वा वा’ म्हटलं आणि वखारीत जाऊन भोकाड पसरलं. रखवालदार मलाही उन्हात ठेवायच्या विचारात होता.

ता. क. ३ : मामीचा पुन्हा फोन, या वेळी घाबऱ्या आवाजात. “अगं, यांना काय झालंय कळत नाही. कपाट हलवलंच नाही, कडेकडेनं रंग दिला. मागं सगळं जसंच्या तसं. मी सरकवते म्हटलं तर अंगावर आले. म्हणे कंबर दुखते, हात लावायचा नाही.” मामा, ते कपाट मामी दर पंधरा दिवसांनी एकटी सरकवून केर काढते, हे तिनंच मला आज सांगितलं. तुमच्या कंबरेला काही झालेलं नाही. तुम्ही कपाटामागे रंगाचे हात मारायचे सोडलात, हे मी धंद्यातल्या कुणाला मरेपर्यंत सांगणार नाही. शनिवारी सकाळी येते. बॅटरी माझी, कपाट मी हलवीन. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून ओल कुठून कुठं गेली तेवढं सांगा. काम झालं की तिथंही दोन हात पूर्ण मारून देईन. आणि तुमचे ब्रश धुऊन ठेवा. तो मोठा कारागीर साठ फूट ओल बघायला येईल का, असं बाईंनी विचारलंय. वाटेत रागवायचं असेल तर पोटभर रागवा. आठ महिने तुमची बोलणी खाल्ली नाहीत, मला मुळीच करमत नाही.