मुंगळ्याची पोहायची चड्डी

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहिते. गेल्या वर्षी मी पुन्हा लग्न करून इकडे आले, तेव्हापासून तू नुसतं हवापाणी लिहितोस, हे कळतं बरं का मला.

बातमी अशी, की तुझा भाचा, आपला मुंगळा, पोहायला जाणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगं दहा वर्षांचं झालं, चाकांच्या खुर्चीत बसून पाय आखडत चाललेत, पाण्यात मोकळे होतील. इथल्या तलावावर अशा मुलांसाठी वेगळा तास आहे. पण ज्यांना शी-शू झालेली सांगता येत नाही, त्यांनी पोहायची खास चड्डी घालायची, धुऊन पुन्हा वापरता येते ती. पाण्यात घाण झाली तर तलाव बंद करावा लागतो. दुसऱ्यांदा झाली तर त्या मुलाचं नाव कमी.

तुझे भाऊजी घड्याळांचं दुकान बंद करून रोज बाजार पालथा घालतात. तान्ह्या बाळांच्या ढीगभर आहेत, एवढ्या मुलाच्या मापाची मिळता मिळत नाही. मिळाल्या त्या दोन तऱ्हेच्या: एक पायातून चढवायची, एक दोन्ही बाजूंनी बटणांनी उघडणारी. त्यांचा कल बटणांकडे आहे.

आणि एक सांग. मुंगळ्याला शीला जायचं झालं की तुला आधी कळायचं. तू त्याच्याकडे पाठ करून शिवणाच्या मशीनवर बसलेला असायचास, तरीही. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे टक लावून बसतो आणि फसतो. तुला कशावरून कळायचं रे?

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, पत्राचं तेवढं बघ.

तुझी ताई


१९ मार्च

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. भाऊजींचा कल बटणांकडे आहे याचं नवल वाटलं नाही. घड्याळवाल्याला बारीकसारीक भागांची हौस असणारच. पण बटण म्हणजे फट, आणि फट म्हणजे गळती. शिवाय ते टोचेल, आणि ऐन वेळी निघेल. आठवीतून शाळा सोडल्यापासून मी रेनकोट शिवतो आहे, तेव्हा पाण्याबद्दल मला कोणी शिकवू नये. मुंगळ्याची कातडी किती नाजूक आहे हे भाऊजींना ठाऊक नसेल. सात वर्षं त्याचं सगळं मी धुतलं आहे. तेव्हा भाऊजी कुठे होते, असं मी म्हणत नाही. मनात आलं ते लिहिलं.

तर बाजारातलं काही घेऊ नका. सोबत मी शिवलेली चड्डी पाठवतो आहे. बाहेरून रेनकोटचं कापड, आतून टॉवेलचे थर, शिवणींवर पट्टी चिकटवली आहे. थेंब आत येणार नाही, थेंब बाहेर जाणार नाही.

मुंगळा भाऊजींच्या पाठुंगळीला बसतो का? माझ्या पाठीला चिकटून सुटायचा नाही म्हणून तर हे नाव मी ठेवलं. बसत असेल तर कळवलं नाहीस तरी चालेल.

त्याला जायचं झालेलं कशावरून कळतं, ते लिहून सांगण्यासारखं नाही. सवयीनं कळतं. भाऊजींनाही कळेल, त्यांना घाई काय आहे.

लोभ उरला असल्यास ठेवावा.

तुझा भाऊ


२ एप्रिल

मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

पत्र तुमच्या ताईनं लिहायचं, पण ती म्हणाली, तुम्ही दोघं माझ्या खांद्यावरून भांडता, आता समोरासमोर काय ते करा. म्हणून मी लिहितो आहे.

तुमची चड्डी घालूनच मुंगळा पहिल्यांदा पाण्यात उतरला. शिवण इतकी पक्की, की आतली हवासुद्धा बाहेर पडेना. चड्डी फुग्यासारखी फुगली, ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. मी कपड्यांनिशी उडी मारली. उचलला तर टॉवेलनं पिऊन घेतलेल्या पाण्यानं चड्डी गुडघ्यांपर्यंत खाली. मुंगळा घाबरला नाही, खदखदून हसला. घाबरलो मी. मनगटावरचं घड्याळ बंद पडलं ते अजून उघडलेलं नाही.

तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं, की या चड्डीनं पाणी अडवायचं नसतं, शू शोषायची नसते. पाणी आतबाहेर खुशाल जाऊ द्यायचं, फक्त शी धरून ठेवायची. म्हणून ती पातळ हवी, आणि कमरेशी नि मांड्यांशी चपखल.

मग तुमचा बटणांना विरोध म्हणून मी पायातून चढवायची घेतली. परवा पाण्यातच त्याला झाली. चड्डीनं धरली होती, पण आम्हाला कळलं उशिरा. काठाच्या पायरीवर बसवून ओली चड्डी पायांतून ओढता ओढता सांडलं, पाण्यात गेलं. तलाव बंद झाला. मुलं पोहायच्या पोशाखात तशीच परत गेली. कोणी आम्हाला बोल लावला नाही, तेच वाईट वाटलं. आता आणखी एकदा झालं, की मुंगळ्याचं नाव कमी.

आणि पाण्यात तो वेगळाच मुलगा असतो हो. भुंग्यासारखी त्याची ती गुणगुण दिवसभर चालतेच, पण पाण्यात तिला सूर लागतो.

एक लिहून टाकतो. मला तुमचा हेवा वाटतो. वाटीवर चमचा दोनदा वाजवल्याशिवाय हा तोंड उघडत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातून तो कित्येक संध्याकाळी उपाशी उठला. या घरात जेवणारे तिघं आहेत, पण चालतं चौथ्याचं. ताईनं तुम्हाला काहीतरी विचारलं होतं म्हणे. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी कळवा.

लोभ अजून जडायचा आहे. जडावा, ही विनंती.

तुमचा
भाऊजी


६ एप्रिल

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

चड्डी बटणांचीच घ्या. झोपवून दोन्ही बाजूंनी उघडता येते, पायांतून ओढावी लागत नाही, म्हणजे सांडत नाही. दुकानदार वयावर देईल, ते ऐकू नका. मुंगळ्याचं पोट मोठं आणि मांड्या काटकुळ्या. बेंबीखाली आणि मांडीच्या मुळाशी फीत लावून माप घ्या, तो बसलेला असताना. रबर चापून बसावं, पण वळ उठता कामा नये. दोन घ्या, एक अंगावर, एक दोरीवर. माझ्याकडे त्याचं जुनं माप आहे, पण ते आता उपयोगाचं नाही. नवीन माप तुम्ही घ्याल तेव्हा मलाही कळवा.

मी शिवलेल्या चड्डीत बटाटे ठेवले तरी चालतील.

ताईनं विचारलं होतं ते असं. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता. मी बघत नव्हतो, माझी तर पाठ असायची. ते ऐकायचं असतं. त्याची गुणगुण मधेच थांबते. पुरती थांबते, श्वास रोखल्यासारखी. मशीन चालू असलं तरी मला ती शांतता कळायची. तेवढ्यात उचललं, की वेळ मिळतो.

तलावावर गलका असणार, लांबून काही समजणार नाही. त्याला पाठुंगळीला घेऊनच पाण्यात फिरावं लागेल, त्याची हनुवटी तुमच्या कानाशी. तो चिकटेल. गळा आवळेल. सोडवू नका.

घड्याळ उघडून बघा, गंज धरेल.

लोभ असावा. मुंगळ्याचा तिकडे जो गेला असेल, त्यातला थोडा परतीच्या टपालानं पाठवावा.

तुमचा
मेहुणा