तिसऱ्या गाण्यातले ठोके

बितोला,
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय कालिना,

त्या शनिवारी सकाळी मी आधी ब्लागोयाला दाढीसाठी गरम पाणी दिलं. त्याच्या गोळ्या बशीत काढून ठेवल्या, उशीचा अभ्रा बदलला आणि आय्वार घोटायला लाल मिरच्यांची दोन पोती एकेक करून जिन्यावरून अंगणात ओढत नेली. पत्र्याची चूल पेटेना. शेजारच्या स्तोयनाने तिच्या नवऱ्याची जुनी वर्तमानपत्रं आणून दिली तेव्हा कुठे पेटली.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. आधी खुशाली. मी बरी आहे. ब्लागोयाच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी नीट पार पडले. तुझी आई जिन्यात रोज भेटते आणि तू स्कोप्येत जेवतेस का, हे मलाच विचारते.

तू चार गाणी पाठवलीस आणि लिहिलंस, "काकू, तुम्ही तोंडावर बोलता, म्हणून तुम्हालाच विचारते." मला रॉकमधलं काय कळतं? म्हणून वाचनालयातून ध्वनिमुद्रणावरचं एक जाड पुस्तक आणलं. अर्धं कळलं. त्यात म्हटलंय की प्रत्येक आवाजाला बसायला जागा हवी. तुझ्या पहिल्या गाण्यात गिटार अख्खं बाक अडवून बसलीय आणि तू दारात उभी. शब्द ऐकू येत नाहीत. शब्द चांगले असणार, तू लहानपणापासून भांडायचीस चांगली. आवाज पुढे घे.

दुसऱ्यातला ढोल यंत्राचा आहे ना? प्रत्येक टोला सारखा. माणूस असा वाजवत नाही. ब्लागोया कारखान्याच्या बँडमध्ये तीस वर्षं ढोल वाजवायचा. तो म्हणायचा, दमलेला हात वेगळा वाजतो, आणि लोक नाचतात ते त्याच हातावर. चौथं गाणं लांबलंय. आणि खोली घुमते, तर भिंतींना गोधड्या टांग. असंही त्या पुस्तकात आहे.

तिसऱ्याबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी टाळते आहे.

तू विचारलंस की मध्येच येणारे नळीवरचे ठोके ठेवू की काढू. तुझा मित्र म्हणतो, काढ, तो कचरा आहे. तू म्हणतेस, ती ब्लागोया काकांची आठवण आहे, कशी काढू? आपल्या इमारतीत सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या हीटरच्या नळीवर ठोकलं की अर्थ एकच, आवाज कमी करा. ध्वनिफितीत तूही हसून म्हणतेस, "बरं बरं, काका, करते कमी!" आणि गिटार थांबल्यासारखी होते. तिथवर मी सात-आठ वेळा ऐकलं. पुढे एकदाही नाही.

कालिना, तुला दटावायचं असलं की तो काठीच्या लोखंडी टोकाने ठोकायचा. दोनदा, जाड आवाज. हे ठोके बारीक आहेत. ही त्याची अंगठी आहे. काठी मला नंतर कपाटाखाली सापडली.

अंगठीने तो ताल धरायचा. लग्नात, जेवायच्या टेबलावर, गाणं आवडलं की. पहिले पाच ठोके तुझ्या गिटारबरोबर पडतात. मोजलेत मी. मग सहावा उशिरा येतो, सातवा भलतीकडेच, आणि नंतर दोन घाईघाईने. त्याचा ताल कधी चुकत नसे.

म्हणजे काय, ते मला ठरवता येत नाही. आधी गाणं आवडलं आणि मग दुखायला लागलं? की पहिल्यापासूनच हाक मारत होता, आणि ताल हाताच्या सवयीने पडला? कपडे वाळत घालताना एक वाटतं, घड्या घालताना दुसरं. तुझ्या मोबाइलने त्याच शनिवारची वेळ लिहिलीय, अकरा वीस. डॉक्टर म्हणाले होते, तो साडेअकराच्या सुमारास गेला. तू एकच्या बसने गेलीस. मी दोन वाजता वर आले.

तुला हे न सांगायचं ठरवलं होतं. पण तू हुशार आहेस, एक दिवस तारीख-वेळ जुळवशील आणि एकटीच बसशील. म्हणून दुसरी गोष्टही ऐक, म्हणजे तुला चुकीचं काही वाटणार नाही.

मीही ते ठोके ऐकले होते. तुझी खिडकी उघडी होती, गिटार अंगणात येत होती. ती थांबली तशी स्तोयना म्हणाली, "अगं रात्का, तुझा ब्लागोया ठोकतोय बघ."

"ठोकू दे," मी म्हणाले. "दुसरं काम काय आहे त्याला? मी उठले तर आय्वार खाली लागेल."

"पोरीला गप्प केलंन."

"मला तीस वर्षांत कुणी गप्प केलं नाही, ते का नाही विचारत?"

दोघी हसलो. मी लाकडी पळीने घोटत राहिले. नळीची खूण तुला जशी कळली, तशीच मलाही कळली, आणि मी तर त्याची बायको होते. तेव्हा यात तुझा काही दोष धरायचा असेल, तर रांगेत माझ्यामागे उभी राहा.

ठोके ठेव की काढ? माहीत नाही. काढलेस तर तो पुन्हा जाईल असं वाटतं. ठेवलेस तर अनोळखी लोक त्यावर मान डोलावतील. यातलं जास्त वाईट कोणतं, ते सांगणारं पुस्तक वाचनालयात नाही. गाणं पूर्ण न ऐकता मत देणं बरोबरही नाही. आज इथेच थांबते.

सोमवार.

पाकीट काल बंद केलं नव्हतं. आज सकाळी वर तुमच्या घरी गेले. तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने कॉफी ठेवली. आम्ही दोघींनी कानात इअरफोनचा एकेक तुकडा घालून तिसरं गाणं लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

तू थांबली नव्हतीस. हळू वाजवत राहिली होतीस, खाली त्याला ऐकू जाईल इतपत, पुरी दोन मिनिटं.

तुझी,
खाली राहणारी
रात्का काकू