साखळी सैल होईना

९ मार्च

ताजी बातमी अशी की मी खलाशी झालो आहे. दुजोरा खुद्द ताईने दिला. बॅगेसकट धक्क्यावरून होडीत उतरलो आणि पाण्यात पडलो नाही, एवढ्यावर तिने ही पदवी बहाल केली. भाऊजी म्हणाले, पदवी कच्ची आहे, आधी याला भांडी घासू दे.

चष्म्याचं दुकान मुलावर सोडून महिनाभर या दोघांसोबत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं ठरवलंय. बायको आली नाही. तिला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं. पण तिने बजावलंय, रोजचं रोज लिहून आण, तुला तोंडाने धड काही सांगता येत नाही. म्हणून हे.

होडी शिडाची आहे, आणि दिसते त्यापेक्षा आत बरीच मोठी. भाऊजी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हिचा सांगाडा विकत घेतला आणि बाकी सगळं स्वतःच्या हाताने केलं. कपाटांना अशा कड्या की होडी उलटली तरी ताटली बाहेर येणार नाही. गॅसची शेगडी झोक्यासारखी टांगलेली, होडी कलली तरी पातेलं सरळच राहतं. ताईने तिच्या हॉस्पिटलातल्या शिस्तीने सगळीकडे चिठ्ठ्या लावल्यात. संडासात लावलीय ती इथे लिहीत नाही.

मला टक्कल पडलं, नात झाली, तरी ताईसाठी मी अजून छोट्याच. भाऊजींनी विचारलं, मोठा कधी होणार हा? ताई म्हणाली, तुम्ही झालात की.

१० मार्च

दिवसभर शिडावर चाललो. इंजिन बंद केल्यावर जी शांतता होते तिची मला कल्पनाच नव्हती. नुसतं पाणी फाटल्याचा आवाज. तासभर सुकाणू माझ्या हाती होतं. मागे वळून पाहिलं तर आमची पांढरी रेघ सापासारखी वेडीवाकडी. भाऊजी म्हणाले, चष्मेवाल्याला चष्मा हवा.

दुपारी त्यांनी नांगराची साखळी ठेवायची खोली दाखवली. होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, ज्याला हे लोक नाळ म्हणतात, तिथे खाली. साखळीचं आतलं टोक सगळे जण दोराने बांधतात म्हणे, म्हणजे वेळ आलीच तर सुरीने कापून साखळी सोडून देता येते. भाऊजींच्या ओळखीच्या एकाचा तो दोर कुजला आणि नांगर, साखळी, सगळं समुद्राच्या पोटात गेलं. त्याची फजिती सांगताना ते अजून हसतात. यांनी टोक थेट होडीच्या बुडातल्या कडीला वेल्डिंग केलंय. ताई म्हणाली, आणि एखाद्या दिवशी सोडायची वेळ आली तर? भाऊजींनी वेल्डिंगवरून बोट फिरवलं. बायकोच्या कौतुकाची वाट पाहणाऱ्या माणसासारखा चेहरा. म्हणाले, माझ्या हातचं आहे, सुटणार नाही.

११ मार्च

अशी जागा मी चित्रातसुद्धा पाहिली नव्हती. डोंगरांच्या बेचक्यात गोल खाडी, तिन्ही बाजूंनी खारफुटी. तोंडाशी वाळूचा बांध आहे, त्यावर लाटा फुटतात. पूर्ण भरतीलाच तो ओलांडून आत येता येतं. आत आलो आणि वारा कुणी बटण दाबल्यासारखा बंद झाला.

नांगर टाकताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊजी पुढे, ताई मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनाचा आवाज. ओरडून भांडण ठरलेलं. म्हणून हाताच्या खुणा ठरवल्यात. मूठ म्हणजे थांब, तळवा म्हणजे मागे घे. ताई म्हणाली, संसार याच भाषेत केला असता तर जास्त सुखाचा झाला असता.

इंजिनाने होडी मागे ओढून पाहिली. नांगराने घट्ट धरलं. मग मला निशाणी धरायला शिकवलं: काठावरचं एक वठलेलं झाड आणि त्याच्या बरोबर मागे डोंगरातला पांढरा खडक. दोन्ही एका ओळीत आहेत तोवर होडी जागची हललेली नाही.

भाऊजी नेहमी बुडी मारून नांगर बघून येतात. वर आले ते खुशीत. म्हणाले, नांगर दिसतसुद्धा नाही, पूर्ण वाळूत गेलाय, असा धरलेला जन्मात पाहिला नाही.

१२ मार्च

साखळीवर भाऊजींनी ठरावीक अंतरावर लाल रंगाचे पट्टे दिलेत. काल एक पट्टा नाळेवर, साखळी जिच्यावरून पाण्यात उतरते त्या चाकीशी होता. आज सकाळी तो पाण्याखाली होता. म्हणजे रात्रीतून साखळी आपोआप बाहेर गेली. भाऊजी म्हणाले, साखळी गुंडाळायच्या चरखीचा ब्रेक ढिला झाला असणार. पाना घेऊन बसले आणि आवळला.

मी झाड पाहिलं. खडक पाहिला. एका ओळीत. होडी हललीच नाही, मग जास्तीची साखळी कुठे गेली, असं मी विचारलं. भाऊजी म्हणाले, तळाशी लोळत असेल. मी भाऊजींची बुडी मारायची काच डोळ्यांना लावून खाली पाहिलं. पाणी नितळ आहे, तळ स्पष्ट दिसतो. कुठे काही लोळत नव्हतं. साखळी सरळ खाली जाते आणि वाळूत शिरते. ताठ.

एक बरं वाटलं नाही. पाणी ओसरायला लागलं की होडी खाली येते, त्या वेळी साखळीला ढील पडायला हवी. संध्याकाळी ओहोटी झाली. साखळी सैल झाली नाही.

१३ मार्च

निघायचं ठरलं. ताईने न विचारताच कपाटांच्या कड्या लावल्या.

चरखी साखळी ओढेना. इंजिनाचा जोर लावला, तर होडी पुढे जायच्या ऐवजी नाळ खाली वाकली. दावणीला बांधलेलं जनावर मान झटकतं तशी. भाऊजींनी शिव्या घातल्या आणि बुडी मारली.

बराच वेळ खाली होते. वर आले, शिडीला धरलं. मग सांगितलं. वाळूतून खांबांची टोकं वर आलीत, इथे तिथे. परवा पाहिली तेव्हा कोळ्यांनी जाळ्यासाठी ठोकलेल्या मेखा वाटल्या होत्या. त्या मेखा नाहीत. डोलकाठ्या आहेत. एकीला अजून कप्पी लटकते आहे. सगळ्या उभ्या आहेत, आणि सगळ्या आमच्या साखळीच्या जागेकडे किंचित कललेल्या.

ताई म्हणाली, छोट्याला घाबरवू नका. ते चिडले नाहीत. चहात साखर कमी पडली तरी चिडणारा माणूस, नुसतं अंग पुसत राहिला.

१४ मार्च

सकाळी गडगडाट झाला. चरखीचा ब्रेक तुटला आणि उरलेली सगळी साखळी एका दमात बाहेर गेली. शेवटी असा हिसका बसला की आम्ही तिघंही पडलो. मग शांत. वेल्डिंग टिकलं. भाऊजी खाली जाऊन कडी पाहून आले आणि म्हणाले, काय अवदसा आठवली होती मला.

आता नाळ पाण्याला टेकलीय, मागची बाजू वर. पातेलं तेवढं सरळ आहे.

वायरलेसवर बंदराचं ऑफिस लागलं. त्या माणसाला नांगर अडकलाय एवढंच सांगितलं. बाकीचं काय सांगणार? त्याने विचारलं, कुणी जखमी आहे का? भाऊजी म्हणाले, नाही. मग तो म्हणाला, आमच्या बोटीला वाळूचा बांध ओलांडायला उधाणाचीच भरती लागते, परवा उधाण आहे, परवाच्या दुपारच्या भरतीला बोट पाठवतो.

भाऊजींनी वायरलेस ठेवला आणि हिशेब केला. रोज पाणी आदल्या दिवसापेक्षा वर चढतंय. साखळी तेवढीच आहे, उलट कमी होतेय. परवाच्या भरतीला होडी पाण्याच्या वर राहणार नाही. बोट येईल ती बरोबर त्याच वेळी.

हवा भरायची छोटी रबरी होडी उतरवून तिच्यातून काठावर गेलो. खारफुटीत पाय ठेवला तो मांडीपर्यंत चिखलात रुतला. ताईने ओढून काढलं. बांधावरच्या लाटांत रबरी होडीचा टिकाव लागणार नाही. परत आलो.

लोखंड कापायची करवत काढलीय. साखळी आम्ही कापणार. भाऊजींनी कारखान्यातून निवडून आणलेली, सगळ्यात कडक पोलादाची.

१५ मार्च

नाळेवर बसून आळीपाळीने कापतोय. खालच्या खोलीत पाणी भरलंय. बॅटऱ्या तिथेच होत्या, वायरलेस बंद.

पाती मोडताहेत. साखळीच्या कडीवर नुसता ओरखडा. मग थोडी खाच. खाच पडल्यावर भाऊजी हसले, म्हणाले, बघ, माझ्यापुढे काय टिकतंय.

दुपार. लिहितोय कारण ताई म्हणाली, काहीतरी करत राहा.

भाऊजी एका हाताने कडी धरून पात्यावर तेल सोडत होते. खालून ओढ आली. हिसका नाही. सावकाश. कुणी खाली बसून हातावर हात घेत दोर ओढावा तशी. त्यांचा डावा हात साखळी आणि चाकी यांच्या मध्ये गेला. मनगटापर्यंत.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, अरे, अरे, अरे. असं तीनदा.

पहार घातली, वाकली. जॅक लावला, घसरून पाण्यात गेला. आता ओहोटीची वाट बघायची. पाणी उतरेल, कणभर तरी ढील—

ढील नाही.

पाणी जेवढं उतरलं तेवढी होडी खाली गेली आणि तेवढीच साखळी खाली गेली. तो आमच्यासाठी एक बोटभरसुद्धा सोडत नाही. तो लिहिलं मी. कोण तो.

१६ मार्च, सकाळ

रात्रीची भरती लहान होती, पाणी पावलांशीच थांबलं. रात्रभर ताई त्यांच्या पाठीशी पाठ लावून बसली होती. त्यांना झोप लागली की डोकं साखळीवर आपटायचं.

कडी अर्ध्यावर कापलीय. एकच पातं उरलंय.

भरती लागली. भाऊजींच्या गुडघ्यांशी पाणी. ते म्हणताहेत, तुम्ही दोघं रबरी होडीत बसा. ताई म्हणाली, तुमचं ऐकून आजवर काय भलं झालंय. ते हसले. खरंच हसले.

मी कापतोय. हाताला फोड. ताई म्हणते थांब, श्वास घे, लिही, कुणीतरी वाचेल, इथे नांगर टाकू नका म्हणून लिही.

इथे नांगर टाकू नका.

पाणी कमरेला. खाच जराही पुढे जात नाही. पातं बोथट होतंय.

ताईने पातं मागितलं. मला वाटलं तिला साखळी कापायचीय, माझी पाळी संपली. तिने भाऊजींचा पट्टा काढला. त्यांच्या दंडाला आवळला, करवतीचा दांडा घालून पिळला. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात काम केलं, तिथला असणार.

भाऊजी म्हणाले, नको ग. मग पाणी छातीशी आलं, आणि म्हणाले, लवकर.

मी त्यांना धरलं. डोळे मिटले नाहीत. ताईने सांगितलं होतं, मिटू नकोस, हात हलेल.

दुपार

रबरी होडीत आहोत. वही पिशवीत होती म्हणून कोरडी. खारफुटीच्या मुळाला दोराने बांधून घेतलंय.

भाऊजी जिवंत आहेत. पट्टा घट्ट आहे, रक्त थांबलंय. ताईच्या मांडीवर डोकं.

होडी गेली. भाऊजी सुटताच गेली. बुडाली नाही, आत नेली. सरळ उभी, आवाज न करता, डोलकाठीचं टोक सगळ्यात शेवटी. हात साखळीतच होता. तोही होडीबरोबर गेला.

भरती पूर्ण आहे. बांधापलीकडून इंजिनाचा आवाज येतोय. ताईनेही ऐकला. येताहेत. आता आत येतीलच.

भाऊजी शुद्धीवर आले. म्हणाले, हात दुखतोय. ताई म्हणाली, दुखणारच, कापलेला अवयव अजून जागेवर असल्यासारखा वाटतो, मी शेकडो पेशंट पाहिलेत. ते म्हणाले, तसं नाही ग. बोटं मिटलीत. माझी मी नाही मिटली. कुणीतरी हातात हात धरलाय.

ताई म्हणाली, ग्लानी आहे.

बोट दिसली. बांधावर आहे, लाटेची वाट बघतेय. मी शर्ट काढून हलवला. त्यांनी भोंगा वाजवला. पाहिलं त्यांनी आम्हाला.

भाऊजींचा दंड वर उचलला गेलाय. ते उचलत नाहीयेत. सरळ, ताठ, खाडीच्या मधोमध रोखलेला. ताई खाली दाबतेय, जात नाही.

ते म्हणताहेत, सोडत नाहीये. सोडायला सांग त्याला.

प्रवाह आत काठाकडे वाहतोय, पानं आमच्या अंगावर येताहेत. आणि आम्ही उलट, दोर मुळापासून ताणलाय. ताठ. रबराची कड त्यांच्या बाजूने पाण्याला टेकली.

बोटीने बांध ओलांडला. दोन माणसं दिसताहेत पुढे. पोहोचतील. पोहोचायला हवेत. दोर टिकला तर

भाऊजी कडेवर घसरले. ताईने पाय धरलेत. ती ओरडतेय, छोट्या, ठेव ते, धर यांना, मला एकटीला